व्हिडिओ बघून शिकावं की वाचून? आधी राज्य कुठलं ते बघा

खानापूर तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने मोबाईलवर मराठीत 'उतारा ऑनलाइन कसा काढायचा' असं शोधलं, की समोर व्हिडिओंची रांग लागते. मराठी स्वच्छ, आवाज खणखणीत, कुठे दाबायचं ते पडद्यावर बाण काढून दाखवलेलं. अडचण एकच. त्यातले बहुतेक व्हिडिओ महाराष्ट्राच्या सातबाऱ्याचे असतात. 'आधी तुमचा विभाग निवडा' असं त्यातला माणूस सांगतो, आणि कर्नाटकच्या 'भूमी' संकेतस्थळावर विभाग नावाचा रकानाच नाही. तिथे जिल्हा, तालुका, होबळी, गाव, मग सर्व्हे नंबर, सर्नोक आणि हिस्सा अशी वाट आहे. हाती येणारा उताराही कन्नडमध्ये. तास गेला, डेटा गेला, कागद काही आला नाही.

शिकायला व्हिडिओ बरा की लिहिलेलं, हा वाद पुण्या-मुंबईत आवडीनिवडीचा असेल. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाचा त्यात वेळ, पैसा आणि कधी कधी जमिनीचा कागद अडकलेला असतो. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि नळाच्या गळतीपासून वारसा नोंदीपर्यंत काहीही अडलं की आधी यूट्यूब उघडायची सवय सगळ्यांना लागली. सवय वाईट नाही. पण कुठलं काम बघून शिकायचं आणि कुठलं वाचून, याचा हिशेब फारसा कुणी मांडत नाही.

ज्या कामात हाताची हालचाल हाच मुद्दा आहे तिथे व्हिडिओला तोड नाही. मोदकाच्या कळ्या घ्या. 'पारीची कड चिमटीत धरून कळ्या पाडाव्यात' हे वाक्य कितीही नीट लिहा, ज्याने मोदक वळताना पाहिलेला नाही त्याला त्यातून काही दिसत नाही. व्हिडिओत अर्ध्या मिनिटात कळतं: चिमूट कुठे घेतात, पारी हातावर कशी फिरवतात, कळ्या वर एकत्र आणताना किती हलक्या हाताने दाबतात. फेटा बांधणं, नऊवारीचा काष्टा, सायकलची चेन बसवणं हे सगळं त्याच जातीचं.

मात्र त्याच मोदकाची उकड बिघडते ती प्रमाणात. पिठाला पाणी किती ते आकड्यात लागतं, आणि ऐकलेला आकडा कानावरून जातो. मग पीठ माखलेल्या बोटाने व्हिडिओ मागे-पुढे ओढणं आलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली निघालं. वाटी-चमच्याच्या मापात लिहिलेलं ते पुस्तक अजून कित्येक घरांत ओट्याजवळ असतं. पान उघडं ठेवलं की नजर हवी तितक्या वेळा फिरवता येते, हात धुवावे लागत नाहीत.

व्हिडिओची आणखी एक खोड म्हणजे कंटाळवाणा भाग कापणं. आपल्या कुंद्याचंच बघा. दूध आटवत, ढवळत उभं राहण्यातच सगळा कुंदा आहे. व्हिडिओत दूध ओतलं, पडदा मिटला आणि उघडला की तपकिरी कुंदा तयार! मधल्या वेळात आच किती ठेवायची, तळाशी लागण्याआधी हाताला काय जाणवतं, हेच तर शिकायचं होतं. लिहिणारा निदान 'आच मंद ठेवून सतत ढवळावे' एवढं तरी टाकतो. अर्थात 'मीठ अंदाजे' लिहून मोकळे होणारेही आहेतच.

बघणं आणि वाचणं दोन्ही लागतं असं उत्तम उदाहरण शेतीतलं आहे. सुपारीवर कोळेरोग पडू नये म्हणून गोव्यातले, कोकणातले आणि शिरसी भागातले बागायतदार पावसाच्या तोंडावर बोर्डो मिश्रण फवारतात आणि साधारण ४० ते ४५ दिवसांनी पुन्हा फवारतात. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद ५० लिटर पाण्यात वेगळा विरघळवायचा, चुना उरलेल्या ५० लिटरमध्ये वेगळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची, लोखंडाची नाहीत. मग मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतत ढवळायचं, उलट करायचं नाही. केलेलं मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. यातली एक गोष्ट विसरली तरी औषध फुकट जातं, नाहीतर झाडाला चटका बसतो. ही यादी लिहिलेलीच हवी, आणि ती पंप ठेवायच्या खोलीत भिंतीला चिकटवलेली असली तर आणखी बरं.

पण चुना पुरेसा पडला की नाही ते तपासायची रीत अशी: तयार मिश्रणात विळ्याचं लोखंडी पातं थोडा वेळ बुडवायचं. बाहेर काढल्यावर पात्यावर तांबूस थर दिसला तर चुना कमी आहे, आणखी घालायचा. आता तांबूस म्हणजे किती तांबूस? गंजाचा रंग आणि हा रंग वेगळा कसा ओळखायचा? आणि जमलेल्या मिश्रणाचा आकाशी निळा नेमका कसा असतो? इथे पानभर लिहिलं तरी उपयोग नाही. कुणीतरी पातं कॅमेऱ्यासमोर धरलं की काम झालं.

कीटकनाशकांचं मात्र उलटं. 'एका पंपाला दोन झाकणं' असली मापं व्हिडिओत सर्रास ऐकू येतात. पंप १५ लिटरचा की २० चा, झाकण कुठल्या बाटलीचं, याचा पत्ता नाही. डब्यासोबतचं पत्रक बारीक अक्षरात आणि कंटाळवाणं असतं हे मान्य, पण मिलीलिटर तिथेच छापलेले असतात. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही वाचण्याचाच भाग आहे: लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा.

आता सरकारी कागद. इथे माझं मत पक्कं आहे. लिहिलेलं बघा, आणि ज्या राज्यातलं काम त्याच राज्याच्या खात्याचं बघा. जमिनीचा एकच कागद, पण सीमा ओलांडली की त्याचं नाव बदलतं. महाराष्ट्रात सातबारा, म्हणजे गाव नमुना ७ आणि १२. कर्नाटकात आरटीसी किंवा पहाणी, आपण आपल्या सवयीने उतारा म्हणतो. गोव्यात एक-चौदा. मध्य प्रदेशात खसरा आणि खतौनी. तेलंगणात पहाणी, आणि तिथलं तर संकेतस्थळही बदललं: २०२० मध्ये 'धरणी' आलं, २०२५ मध्ये त्याच्या जागी 'भू भारती'. गुजरातेत मात्र पुन्हा सात-बारच, कारण १९६० पर्यंत तो भाग मुंबई राज्यात होता. म्हणून बडोद्याच्या मराठी माणसाची फसगत सगळ्यात सोपी. नाव तेच, आकडे तेच, संकेतस्थळ वेगळं.

योजनांचा गोंधळ याहून मोठा. महाराष्ट्राची 'माझी लाडकी बहीण' जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, महिन्याला १५०० रुपये. मध्य प्रदेशची 'लाडली बहना' त्याच्या आधीची, २०२३ ची. कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून 'गृहलक्ष्मी', कुटुंबप्रमुख बाईला २००० रुपये. गोव्यात 'गृह आधार'. मोबाईलला यातलं काही कळत नाही. तुमची भाषा मराठी दिसली की तो महाराष्ट्राचा व्हिडिओ समोर ठेवतो. २०२५ मध्ये लाडकी बहीणच्या ई-केवायसीचे व्हिडिओ आले ते बेळगाव, निपाणीतल्या बायकांच्या मोबाईलवरही आले. ती योजना महाराष्ट्राच्या रहिवासी बायकांसाठी आहे, इथल्यांना तिचा अर्जच लागू नाही. व्हिडिओत ही गोष्ट सांगितली तर सांगितली, तीही सातव्या मिनिटाला. छापील नियमात पात्रता पहिल्याच पानावर असते, दोन ओळी वाचल्या की आपलं आहे की नाही ते कळतं. इंदूर, ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी तर 'लाडकी' आणि 'लाडली' यातलं एक अक्षर डोळ्यात तेल घालून वाचावं.

आणि व्हिडिओखाली लिंक असेल तर जास्तच जपून. कुठलाही खरा अर्ज भरताना यूपीआयचा पिन द्यावा लागत नाही. पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला नाही. व्हॉट्सॲपवर आलेली 'ॲप फाइल' उतरवून घेऊ नये. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करावा, हा नंबर सगळ्या राज्यांत चालतो.

तिसरी गोष्ट तारखेची. आम्हा कॉमर्सवाल्यांना हा अनुभव रोजचा. २०२० मध्ये टॅलीप्राइम आलं आणि जुन्या टॅलीच्या पडद्यावर शिकवणारे व्हिडिओ एका फटक्यात शिळे झाले. ते अजून तिथेच आहेत आणि नवी मुलं ते बघून 'आमच्याकडे हे बटणच दिसत नाही' म्हणतात. जीएसटीचंही तसंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालावरचे १२ आणि २८ टक्क्यांचे दर गेले, ५ आणि १८ उरले. त्याआधीचा व्हिडिओ बघून बिल केलं तर चूक ठरलेली. लिहिलेला मजकूरही शिळा होतो, पण त्यातली एक ओळ खोडून नवी घालता येते. व्हिडिओ बदलायचा तर पुन्हा नव्याने करावा लागतो, आणि जुना कुणी काढत नाही.

एवढं सगळं वाचून 'मग व्हिडिओ सोडा, वाचा' असं कुणी म्हणेल. ते आपल्याकडे चालणार नाही, आणि त्याचं कारण आपल्या वाचकांना माहीत आहे. बडोद्याची कितीतरी मुलं घरात फर्डं मराठी बोलतात, वाचतात मात्र गुजराती. हैदराबादेत तेलुगू किंवा इंग्रजी. सीमाभागात कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचं मराठी बोलणं पक्कं, पण मराठी पान समोर ठेवलं की बोट ठेवून वाचतात. इंदूर-ग्वाल्हेरला लिपी तीच असल्याने अक्षरं अडत नाहीत, तिथे 'फेरफार' आणि 'दाखला' असे शब्द अडतात. शिवाय ज्या आजीबाई शाळेतच गेल्या नाहीत त्यांचं काय? या सगळ्यांना आपल्या भाषेतला व्हिडिओ ही एकच वाट आहे. ती बंद करून भागणार नाही.

खरी उणीव वेगळी आहे. आपल्या राज्याच्या कामाचं, आपल्या भाषेत लिहिलेलं काही मिळत नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, ही तरतूद जुनी आहे. बेळगावात त्यासाठी किती निवेदनं दिली गेली ते सांगायला नको. लिहिलेलं नाही म्हणून माणूस व्हिडिओकडे जातो, आणि मराठी व्हिडिओ करणारा महाराष्ट्रात बसलेला असतो. म्हणून रील करणाऱ्या इथल्या मुलांना एक सुचवावंसं वाटतं. कुंद्याचे आणि किल्ल्याचे व्हिडिओ खूप झाले. 'होबळी' कुठे निवडायची याचा एक करा, मराठीत बोला, पडद्यावरचा कन्नड शब्द मोठा करून दाखवा, आणि खाली पायऱ्या लिहून त्यावर तारीख टाका.

तोवर ज्याला एकट्याने काम करायचं आहे त्याने व्हिडिओ एकदा पूर्ण बघावा, लिहिता-वाचता येत असेल तर दुसऱ्यांदा थांबवत थांबवत पायऱ्या आपल्या हाताने कागदावर उतरवाव्यात, मग व्हिडिओ बंद करून कागद बघत काम करावं. कणकुंबी-जांबोटीकडे रेंजचं काय असतं ते तिकडे जाणाऱ्याला विचारा. तिथे कागदच चालतो. व्हिडिओ सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: राज्य कुठलं, तारीख कधीची, आणि त्यात दाखवलेल्या संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी 'जीओव्ही डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' आहे का.

आणि सुरुवातीच्या उताऱ्याचं काम अडलेलंच आहे, तर कर्नाटकातल्या वाचकांसाठी तेवढं इथेच. बसण्याआधी जुना उतारा जवळ ठेवा. त्यावरून तालुका, होबळी आणि गाव उतरवून घ्या, कारण आपण गावाचं नाव मराठीत म्हणतो तसं यादीत सापडेलच असं नाही. सर्व्हे नंबर टाकल्यावर सर्नोकच्या जागी बहुतेक ठिकाणी फक्त फुली दिसते. ती चूक नाही, तीच निवडायची. शेवटी हिस्सा नंबर. मधल्या काळात पोडी झाली असेल तर जुना हिस्सा नंबर यादीत दिसणार नाही, मग तलाठ्याकडून नवा नंबर लिहून घ्या आणि जुन्या उताऱ्याच्या पाठीवर तारखेसह टिपून ठेवा.