हार्लेमचे आयुर्मान : शहराचे आरोग्य आणि वर्णभेद

माणूस किती वर्षे जगेल हे कशावरून ठरते, असा प्रश्न केला तर आपल्याकडे त्याची दोन उत्तरे मिळतात. कोणी म्हणेल दैवावरून, कोणी म्हणेल ज्याच्या त्याच्या प्रकृतीवरून. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र मात्र तिसरेच उत्तर देते. ते म्हणते, त्या माणसाचा पत्ता आम्हांला सांगा. तो कोणत्या वस्तीत राहतो, त्याच्या घराच्या भिंती कशा आहेत, आजारी पडल्यावर डॉक्टरापर्यंत पोहोचायला त्याला किती दारे ओलांडावी लागतात, हे कळले की त्याच्या आयुष्याचा पुष्कळसा हिशेब मांडता येतो. हे उत्तर किती खरे आहे, ते न्यूयॉर्क शहराच्या उदाहरणावरून पाहू.

१९९० च्या जानेवारीत 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात कॉलिन मॅकॉर्ड आणि हॅरॉल्ड फ्रीमन या दोन डॉक्टरांचा एक लेख प्रसिद्ध झाला. विषय होता हार्लेममधील मृत्यूंचा. हार्लेम हा मॅनहॅटन बेटाचा उत्तरेकडील भाग. तेथील शंभरांपैकी ९६ रहिवासी कृष्णवर्णीय आणि ४१ दारिद्र्यरेषेखालचे, असे या डॉक्टरांनी नोंदवले होते. त्यांनी मृत्यूच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष काढला तो असा, की वयाची ६५ वर्षे गाठण्याची आशा हार्लेममधील कृष्णवर्णीय पुरुषापेक्षा बांगलादेशातील पुरुषाला अधिक आहे! एकीकडे जगातील अत्यंत धनाढ्य शहर, दुसरीकडे अत्यंत गरीब देशांपैकी एक. आणि तराजूचे पारडे गरीब देशाकडे झुकलेले.

असल्या तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. म्हाताऱ्यांच्या वस्तीत मृत्यू जास्त होणारच, तरुणांच्या वस्तीत कमी होणारच. म्हणून दोन वस्त्यांची तुलना वयवार करावी लागते : चाळिशीतल्यांची चाळिशीतल्यांशी, साठीतल्यांची साठीतल्यांशी. तशी ती केल्यावर दिसले, की शहराच्या ३५३ आरोग्यविभागांपैकी ५४ विभागांत ६५ वर्षांच्या आतील मृत्यूंचे प्रमाण अपेक्षेच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होते. आणि हे बहुतेक सारे विभाग कृष्णवर्णीयांचे किंवा स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांचे होते. मृत्यूची कारणे पाहावीत तर हृदयविकार, यकृताचा विकार, खून, कर्करोग, मादक द्रव्ये. साऱ्या शहराला ठाऊक असलेले हेच आजार, हेच अपघात. मग ते येथेच इतक्या लवकर का गाठतात?

या प्रश्नाचे एक जुने आणि सोयीचे उत्तर अमेरिकेत प्रचलित होते. १८९६ साली फ्रेडरिक हॉफमन या विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने ग्रंथ लिहून प्रतिपादले, की कृष्णवर्णीय माणूस लवकर मरतो तो त्याच्या वंशाच्या अंगभूत दुबळेपणामुळे. उत्तर सोयीचे अशासाठी, की दोष रक्तात असेल तर नगरपालिकेला काही करण्याचे कारणच उरत नाही. तीनच वर्षांनी, १८९९ साली, डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय विद्वानाने 'द फिलाडेल्फिया निग्रो' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. फिलाडेल्फिया शहराच्या सातव्या वॉर्डात घरोघर फिरून त्यांनी माहिती गोळा केली होती. राहण्याची दाटी, कामाचे स्वरूप, मिळकत, घरांची अवस्था यांच्याशी मृत्यूचे नाते जोडून त्यांनी दाखवून दिले, की रोगाचे मूळ रक्तात नसून परिस्थितीत आहे. परिस्थिती मात्र माणसाने घडवलेली असते; म्हणून ती माणसाला बदलताही येते.

ती कशी घडवली गेली याचे एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकन केंद्रसरकारच्या गृहकर्ज मंडळाने शहरांचे नकाशे तयार केले. कर्ज देण्यास उत्तम वस्त्या हिरव्या रंगात आणि धोक्याच्या वस्त्या तांबड्या रंगात दाखवल्या. वस्तीत कृष्णवर्णीय राहतात, एवढी गोष्टसुद्धा ती तांबडी ठरवण्यास कारण होई. तांबड्या वस्तीत घर बांधण्यास वा दुरुस्त करण्यास कर्ज मिळणे दुरापास्त. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून ओल, उंदीर, उडालेला रंग. आणि त्यातून मुलांचा दमा आणि शिशाची विषबाधा. घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यास कायद्याने मनाई झाली ती १९६८ साली. पण कायदा एका दिवसात होतो, भिंती एका दिवसात बदलत नाहीत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. 'हा प्रश्न वर्णाचा नव्हे, दारिद्र्याचा आहे; गरिबी हटली की रोगही हटेल', असे काही जण म्हणतात. यात सत्याचा मोठा अंश आहे. तथापि सारे सत्य त्यात नाही. न्यूयॉर्कच्या आरोग्यखात्याने २००८ ते २०१२ या काळातील बाळंतपणांतील गंभीर गुंतागुंतींचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की महाविद्यालयीन पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांत त्यांचे प्रमाण शाळाही पुरी न केलेल्या गौरवर्णीय स्त्रियांपेक्षा अधिक होते. शिक्षणाने जे संरक्षण मिळावयास हवे ते येथे अपुरे पडले. तेव्हा दारिद्र्य हे एक कारण आणि वर्णभेद हे दुसरे. दोन्ही एकमेकांना बळ देतात, पण एकात दुसरे विरघळून जात नाही.

मग उपाय कोणता? येथे आपण दोन उदाहरणे पाहू, कारण कोरड्या तत्त्वापेक्षा ती अधिक शिकवतात.

पहिले त्याच डॉक्टर फ्रीमन यांचे. ते हार्लेमच्या सरकारी रुग्णालयात शस्त्रवैद्य होते. तेथे १९८६ पर्यंतच्या २२ वर्षांत स्तनाच्या कर्करोगावर उपचार झालेल्या ६०६ स्त्रियांचा हिशेब त्यांनी मांडला. पाच वर्षांनंतर जिवंत राहिल्या त्या अवघ्या ३९ टक्के. निम्म्याजवळ स्त्रिया रोग हाताबाहेर जाऊ लागल्यावर आलेल्या. डॉक्टरांनी १९७९ मध्येच मोफत तपासणी सुरू केली होती. पण त्यांच्या ध्यानात आले, की गाठ सापडली तरी पुढची वाट बिकट आहे. विम्याचे कागद, तपासण्यांच्या तारखा, घरी मुलांना कोणी सांभाळायचे ही विवंचना आणि मनातली भीती; एवढ्यात बाई हरवून जाते. म्हणून १९९० मध्ये त्यांनी वाटाडे नेमले. रुग्णाचा हात धरून तपासणीपासून उपचारापर्यंत नेणे, अडलेला कागद सोडवणे, हेच या लोकांचे काम. १९९५ ते २००० या काळात उपचार घेतलेल्या स्त्रियांत पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांवर गेले. वेळेवर तपासणी आणि वेळेवर सोबत, या दोन साध्या गोष्टींनी हे घडले.

दुसरे उदाहरण शिशाचे. जुन्या काळी घराच्या रंगात शिसे घालीत. रंगाचे पोपडे पडतात, ते चवीला गोड लागतात, रांगती मुले ते तोंडात घालतात. आणि शिसे मेंदूचे कायमचे नुकसान करते. न्यूयॉर्कने घरांतील असल्या रंगावर १९६० मध्येच बंदी घातली. साऱ्या देशात ती येण्यास १९७८ साल उजाडले. पण जुन्या भिंतींवरचा रंग होता तेथेच राहिला. १९६९ मध्ये पूर्व हार्लेममधील 'यंग लॉर्ड्स' या पोर्तोरिकन तरुणांच्या संघटनेने स्वतःच दारोदार जाऊन मुलांची तपासणी आरंभली. आरोग्यखात्यावर दडपण वाढले, आणि १९७० मध्ये शहराने शिशाच्या विषबाधेसाठी स्वतंत्र विभाग काढला. २००४ च्या कायद्याने जबाबदारी घरमालकावर टाकली : १९६० पूर्वीच्या इमारतीत सहा वर्षांखालील मूल राहत असेल, तर तेथे शिसे आहे असे धरूनच मालकाने दरवर्षी पाहणी केली पाहिजे. मूल आजारी पडल्यावर धावणे आणि मूल आजारी पडू नये म्हणून भिंत तपासणे, यांत जो फरक आहे तोच वैद्यकी आणि सार्वजनिक आरोग्य यांतला फरक होय.

या दोन्ही उदाहरणांतून समता आणि समन्याय यांतील भेद स्पष्ट होतो. प्रत्येक वॉर्डात एकेक दवाखाना, सकाळी दहा ते पाच उघडा, ही समता झाली. परंतु ज्या वॉर्डातील माणसे दिवसभर दुसऱ्याच्या घरी वा कारखान्यात राबतात, त्यांना तो दवाखाना असून नसल्यासारखा. तेथे रात्रीचा दवाखाना उघडणे, त्यांची भाषा बोलणारी परिचारिका नेमणे, हा समन्याय. ज्याची गरज मोठी त्याला वाटा मोठा, एवढाच त्याचा अर्थ. हा पक्षपात नव्हे काय, असे कोणी विचारील. आग लागलेल्या घराकडे बंब पाठवताना आपण शेजाऱ्यांवर अन्याय करतो काय?

२०२० च्या कोविड साथीने हा धडा पुन्हा गिरवून घेतला. साथीच्या आरंभीच न्यूयॉर्कच्या आकडेवारीत कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषी लोकांचे मृत्यूचे प्रमाण गौरवर्णीयांच्या सुमारे दुप्पट दिसले. १८ ऑक्टोबर २०२१ रोजी शहराच्या आरोग्यमंडळाने वर्णभेद हे सार्वजनिक आरोग्यावरचे संकट असल्याचा ठराव संमत केला. ठरावाने कोणाचा ताप उतरत नाही, हे खरे. पण ज्या मंडळाने १८६६ पासून कॉलरा, देवी, क्षय यांना शत्रू म्हणून ओळखले, त्याने या शत्रूचेही नाव आपल्या दप्तरात लिहिले, ही गोष्ट लहान नाही. नाव लिहिले की हिशेब मागता येतो.

आम्हां मराठी माणसांना हा विषय परका वाटू नये. जोतिराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमला लागूनच. आणि १९४६ मध्ये त्यांनी ज्यांना पत्र लिहिले, ते डु बॉइस हेच. दोन्हीकडे प्रश्न एकच होता : माणसाच्या जन्मावरून त्याची वस्ती ठरावी काय? सार्वजनिक आरोग्याने त्याला दुसरा प्रश्न जोडला आहे, की वस्तीवरून त्याचे मरण ठरावे काय? याचे उत्तर शोधण्याची सुरुवात प्रत्येक गावाला करता येईल. आपल्या नगरपालिकेकडे जन्ममृत्यूची नोंदवही असते. साऱ्या शहराचा एकच आकडा न मागता, तीच वही गल्लीगल्लीने, वस्तीवस्तीने उलगडून दाखवा, असे आपण नागरिकांनी म्हणावे. कोठे माणसे लवकर मरतात ते एकदा डोळ्यांना दिसले, म्हणजे का मरतात हे विचारल्यावाचून आपल्याला राहवणार नाही.