काळी नदीकाठची छोटी अणुभट्टी

गोवा स्वतःची वीज जवळजवळ बनवतच नाही. सांकवाळचा नाफ्थ्यावर चालणारा प्रकल्प बंद पडून बरीच वर्षे झाली. छपरांवरची सौर पॅनेल आणि काही कारखान्यांची स्वतःपुरती निर्मिती सोडली, तर राज्याची सारी भिस्त बाहेरच्या विजेवर आहे. कोरबा आणि विंध्याचलचा कोळसा गोव्यासाठी जळतो आणि थोडी अणुवीज तारापूर व काक्रापारहून येते. दुसरीकडे पेडणे तालुक्यात मोपाचा विमानतळ सुरू झाला, तुयेला इलेक्ट्रॉनिक्स वसाहत आली. मागणी वाढतेच आहे. अशा राज्याला छोट्या अणुभट्टीची कल्पना मोहक वाटली तर नवल नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने या संशोधनासाठी २०,००० कोटी रुपये जाहीर केले आणि २०३३ पर्यंत किमान पाच देशी छोट्या अणुभट्ट्या चालू करण्याचे ठरवले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराष्ट्राच्या महाजनको या वीजनिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटॉम या अणुऊर्जा महामंडळाशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला.

छोटी अणुभट्टी म्हणजे नेमके काय, हे पाहायला मात्र फार लांब जावे लागत नाही. काणकोण ओलांडून कारवारला पोचले आणि काळी नदीच्या कडेने वर गेले की घाटाच्या कुशीत कैगा लागते. तिथे प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पहिली २००० साली सुरू झाली, चौथी २०११ मध्ये. आंतरराष्ट्रीय मोजमापात ३०० मेगावॅटपर्यंतची अणुभट्टी छोटी धरतात. त्या हिशेबाने गोव्याला छोट्या अणुभट्ट्यांचा शेजार पंचवीस वर्षांपासून आहे.

कैग्यातल्या अशा एका भट्टीचे पोट आडवे असते. त्यातून ३०६ नळ्या आरपार जातात आणि प्रत्येक नळीत इंधनाच्या बारा जुड्या एकापाठोपाठ एक बसवलेल्या असतात. एक जुडी साधारण अर्धा मीटर लांब. आत एकोणीस बारीक कांड्या आणि कांड्यांत नैसर्गिक युरेनियमच्या गोळ्या. न्यूट्रॉनचा वेग कमी करण्याचे आणि उष्णता वाहून नेण्याचे, अशी दोन्ही कामे जड पाणी करते. खरी करामत इंधन बदलण्यात आहे. अणुभट्टी पूर्ण जोरात चालू असताना दोन यंत्रे एकाच नळीच्या दोन टोकांना येऊन चिकटतात. एक नव्या जुड्या आत सारते, दुसरे जळालेल्या जुड्या पलीकडून काढून घेते आणि वीज क्षणभरही खंडित होत नाही. त्यामुळेच कैग्याचे पहिले युनिट मे २०१६ ते डिसेंबर २०१८ असे सलग ९६२ दिवस चालले. तेव्हा तो जागतिक विक्रम होता आणि तो पूर्णपणे देशी बनावटीच्या यंत्राने केला होता. याचा अभिमान वाटायलाच हवा.

पण कैग्याची वही इतकीच नाही. मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असताना पहिल्या युनिटच्या घुमटाचा आतला भाग कोसळला. नोव्हेंबर २००९ मध्ये पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये किरणोत्सारी ट्रिटियम मिसळल्याचे आढळले आणि पन्नासहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले; ते कोणीतरी मुद्दाम मिसळल्याचा निष्कर्ष निघाला. कन्नडचे थोर लेखक शिवराम कारंत या प्रकल्पाच्या विरोधात १९८९ ची लोकसभा निवडणूक लढले आणि हरले. डिसेंबर २०१८ मध्ये विक्रमाचे कौतुक चालू असतानाच, पाचव्या-सहाव्या युनिटच्या जनसुनावणीत स्थानिकांनी जोरदार विरोध नोंदवला.

आता जी ‘भारत स्मॉल रिॲक्टर’ म्हणून पुढे आणली जात आहे, ती कैग्यासारख्याच २२० मेगावॅटच्या भट्टीची सुधारित आवृत्ती आहे. मॉड्युलर भट्टी मात्र वेगळी: तिचे भाग कारखान्यात तयार होऊन जागेवर जोडले जावेत, ही अपेक्षा. रशियाने पेवेक बंदरात तरंगत्या तराफ्यावर ३५ मेगावॅटच्या दोन भट्ट्या २०२० पासून व्यावसायिक रीतीने चालवल्या आहेत. अमेरिकेत न्यूस्केल कंपनीचा युटामधल्या वीजसंस्थांसाठीचा प्रकल्प मात्र खर्च वाढत गेल्याने नोव्हेंबर २०२३ मध्ये गुंडाळावा लागला. म्हणजे कारखान्यात बनवल्याने स्वस्त पडेल, हे अजून सिद्ध व्हायचे आहे.

आणि उत्तर गोव्यात, पेडणे-डिचोलीत, अशी भट्टी बसेल का? २२० मेगावॅट वीज देणारी भट्टी आत सुमारे साडेसातशे मेगावॅट उष्णता निर्माण करते. उरलेले पाचशेहून अधिक मेगावॅट पाण्यात किंवा हवेत सोडावे लागतात. कैग्याला त्यासाठी कद्रा धरणाचा अख्खा जलाशय आहे. उत्तर गोव्याला आधार तिळारीचा. ते धरण महाराष्ट्रात, पाणी दोन राज्यांत वाटलेले. कालवा कुठे फुटला की चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प अडचणीत येतो आणि पेडण्यातले नळ कोरडे पडतात. त्या पाण्यावर अणुभट्टीचा भार टाकणे धोक्याचे आहे. समुद्राचे पाणी वापरायचे तर पेडण्याची किनारपट्टी मोरजीच्या कासवांची आणि पर्यटनाची. शिवाय अणुकेंद्राभोवती वस्ती नसलेला पट्टा राखावा लागतो. डिचोलीत खाणींच्या खड्ड्यांमधून जी जमीन उरली, तिच्यावर वाडे, कुळागरे आणि देवळे आहेत. छोटी भट्टी पोलाद किंवा ॲल्युमिनियमच्या मोठ्या कारखान्यांनी स्वतःसाठी घ्यावी, असा केंद्राचा विचार आहे. डिचोली तालुक्यातला सर्वांत मोठा असा उद्योग आमोण्याचा कच्च्या लोखंडाचा, आणि तो आपल्या टाकाऊ उष्णतेवर वीज बनवतोच.

यंत्र पारखलेले आहे. ही जागा त्याची नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या २०० मेगावॅटच्या मॉड्युलर भट्टीचे पहिले युनिट तारापूरला उभारायचे ठरले आहे. तारापूरची वीज गोव्याला आजही मिळते. त्या नव्या युनिटमधला वाटा मागण्याचे काम पणजीच्या वीज खात्याने आताच सुरू करावे, आणि त्यासोबत त्याची किंमत किती पडणार व वापरलेले इंधन कुठे ठेवणार, हेही लेखी विचारून घ्यावे.