आधी वार, मग तारीख

दिवाळीच्या सुट्टीत ब्यूनस आयर्सला जायचे ठरले, तेव्हा सौ.ने पहिला प्रश्न केला, "तिकडे थंडी असेल ना?" मी म्हटले, "नाही. अर्जेंटिना दक्षिण गोलार्धात, नोव्हेंबरात तिथे वसंत!" जाड स्वेटर पुन्हा कपाटात गेले.

हाताशी दिवस पाच. घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे, म्हणजे पहिला दिवस झोपेचाच. म्हणून प्रेक्षणीय स्थळांआधी मी वार पाहिले. बुधवारी पोहोचायचे. गुरुवारी दुपारी साडेतीनला प्लासा दे मायो हा चौक गाठायचा. लष्करी राजवटीत नाहीशा झालेल्या मुलांसाठी १९७७ पासून आया डोक्याला पांढरे रुमाल बांधून इथे फेरी घालू लागल्या. ती फेरी आजही दर गुरुवारी निघते. रविवारी याच चौकाजवळच्या देफेन्सा रस्त्यावर सान तेल्मोचा जुन्या वस्तूंचा बाजार. मधले दोन दिवस मोकळे.

आमच्या घरी मराठी-कन्नड दोन्ही चालतात, तिथे मात्र स्पॅनिश. निदान 'ग्रासियास' एवढे पाठ केले आहे.

त्या आयांविषयी ऐकून सौ. म्हणाली, "बाकी काही राहिले तरी चालेल, गुरुवार चुकवू नका."

तिकिटे त्याच हिशेबाने काढली.