दहा हजार जणींची मीटिंग

आमच्या सोसायटीत गणपतीआधी एक मीटिंग होते. गेल्या वर्षी विषय होता टी-शर्टचा रंग. भगवा की निळा? माणसं बत्तीस आणि वेळ गेला दोन तास. शेवटी ज्या काकांचा आवाज सगळ्यात मोठा, त्यांचा रंग ठरला. बाकीचे तोवर कंटाळून चहाकडे वळले होते.

आता अशी मीटिंग डोळ्यांपुढे आणा, जिला दहा हजार जणी आल्या आहेत. अध्यक्ष नाही, माईक नाही. विषयही साधासुधा नाही: राहायचं कुठे? चुकलं तर येत्या हिवाळ्यात सगळ्यांचाच जीव जायचा.

ही मीटिंग मधमाश्यांची. वसंतात पोळ्यात गर्दी झाली की जुनी राणी राहतं घर लेकीला सोडते आणि निम्म्याहून जास्त कामकरी माश्यांबरोबर बाहेर पडते. हा थवा जवळच्या फांदीला दाढीसारखा लटकतो. राणी म्हटल्यावर वाटतं, हुकूम तीच सोडत असेल. छे! तिचं काम अंडी घालायचं. घराच्या बाबतीत तिला कुणी विचारतही नाही.

घर शोधायला निघतात त्या काहीशे अनुभवी माश्या. ढोली सापडली की आतल्या काळोखात चालून, उडून तिचा अंदाज घेतात. त्यांना हवी असते साधारण 40 लिटरची जागा, म्हणजे आपल्या पाण्याच्या दोन मोठ्या जारांएवढी. शिवाय दार लहान हवं आणि जमिनीपासून उंच हवं. मग परत येऊन त्या थव्यावरच नाचतात.

या नाचाचं गुपित मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाला 1949 मध्ये म्युनिकला गवसलं. माश्या नाचून फुलांचा पत्ता सांगतात, हे त्याच्या गुरूंनी, कार्ल फॉन फ्रिश यांनी आधीच उलगडलं होतं. पण थव्यावर नाचणाऱ्या या माश्या चक्क मळलेल्या होत्या! कुणी काजळीने काळी, कुणी विटांच्या भुकटीने लाल, कुणी पिठाने पांढरी. फुलावरून आलेली माशी पिठाने कशी माखेल? या बायका महायुद्धात पडझड झालेल्या शहरातली घरं बघून आल्या होत्या! नाचताना सरळ वर जाणं म्हणजे सूर्याच्या दिशेने. डावी-उजवीकडे जितकं तिरकं, तितकं सूर्यापासून बाजूला. आणि पोटाचं टोक हलवत एक सेकंद चाललं, की अंतर सुमारे एक किलोमीटर.

पण एक माशी म्हणणार ढोली बरी, दुसरी म्हणणार धुराडं बरं. मग तंटा मिटतो कसा?

अमेरिकेतल्या थॉमस सीली यांनी त्यासाठी ॲपलडोर नावाचं बेट निवडलं. तिथे मोठी झाडं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे माश्यांना सीलींच्या खोक्यांवाचून दुसरं घर मिळणं कठीण. त्यांनी एका थव्यातल्या 4,000 माश्यांच्या पाठीवर नंबर चिकटवले. (एकेक माशी धरून! मला तर शर्टाचं बटण लावायचा कंटाळा येतो.) दुसऱ्या एका प्रयोगात चार खोकी 15 लिटरची ठेवली आणि एकच 40 लिटरचं. पाचपैकी चार थव्यांनी बरोबर मोठं खोकं निवडलं.

घर जितकं झकास, तितका नाच लांबतो. पण नाच पाहणारी माशी ऐकीव माहितीवर विसंबत नाही. स्वतः जाऊन बघते, पटलं तरच नाचते. दुसऱ्या घराची बाजू घेणारी माशी तिला डोक्याने ढुशी देऊन ‘बीप’ करते. म्हणजे पुरे कर आता! मला सगळ्यात आवडते ती पुढची गोष्ट. प्रत्येक खेपेनंतर माशी आधीपेक्षा साधारण 15 फेऱ्या कमी नाचते आणि शेवटी गप्प होते. घर कितीही आवडलेलं असो! त्यामुळे सुमार घराचा गाजावाजा लवकर विरतो आणि चांगल्या घराकडे नव्या माश्या येत राहतात. आमच्या काकांचा आवाज मात्र दर वेळी चढतच गेला होता.

आपल्या सातेरी माश्याही ढोलीतच राहतात. आग्यामाशीला दोन जारांचं माप लागतच नाही, ती उघड्या कड्याला पोळं लावून मोकळी होते.

पण परत त्या मीटिंगकडे. तिथे कधीकधी गाडी अडतेही. लिंडाउअरच्या एका थव्यात दोन तट पडले. थवा उडाला खरा, पण काही जणी एकीकडे ओढू लागल्या, काही दुसरीकडे, आणि अखेर सगळ्या होत्या तिथेच परत येऊन बसल्या.

एरवी एखाद्या घरापाशी एकाच वेळी 20-30 शोधक माश्या जमल्या, की ठरलं. त्या परत येऊन थव्यात पीऽऽ असा आवाज करत धावतात. सगळ्या जणी पंखांचे स्नायू 35 अंशांपर्यंत गरम करतात आणि अख्खी दाढी फांदीवरून सुटून ढगासारखी उडते. घर पाहिलेल्या मोजक्याच. त्या ढगाच्या वरच्या अंगाने बाणासारख्या सुसाट पुढे जाऊन वाट दाखवतात. राणीसाहेब? त्याही या ढगात कुठेतरी असतात. नवं घर कसं आहे, ते त्यांना पोचल्यावरच कळतं.