मार्साला, दवणा आणि रुचीचा निवाडा

रसास्वादावरच्या या मालिकेत आतापर्यंत आपण कविता, नाटक आणि थोडेफार संगीत पाहिले. आज बाटलीकडे वळू म्हटल्यावर मागच्या रांगेत खसखस पिकली. साहजिक आहे. डोंबिवलीच्या सभागृहात वाइनचे नाव काढले की निम्मे लोक हसतात आणि निम्मे दाराकडे बघतात. पण आपला खरा प्रश्न वेगळा आहे. 'आवड ज्याची त्याची' असे म्हणून आपण जो वाद मिटवून टाकतो, तो तिथे खरोखर मिटतो का?

कांटने १७९० च्या ग्रंथात याचे उदाहरण वाइनचेच घेतले, कॅनरी बेटांवरच्या वाइनचे. ती छान आहे असे कुणी म्हटले, तर 'मला छान लागते' अशी दुरुस्ती त्याने मान्य करायला हवी, असे कांट म्हणतो. म्हणजे जिभेचा निवाडा खाजगी. ह्यूमने त्याच्या तीसेक वर्षे आधी, १७५७ मध्ये, 'डॉन किहोते'मधली एक गोष्ट सांगितली होती. पिंपातली वाइन दोघांनी चाखली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण चामड्याचा वास येतो. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव आहे. लोक दोघांना हसले. पिंप रिकामे झाले तेव्हा तळाशी किल्ली निघाली, चामड्याची वादी बांधलेली. या गोष्टीत आवडीचा प्रश्नच नाही. जिभेने काय ओळखले हा प्रश्न आहे, आणि ओळख चूक किंवा बरोबर असू शकते.

आता ही किल्ली इटलीच्या फोर्टिफाइड वाइनमध्ये शोधू. द्राक्षाचा रस आंबताना यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल तयार करते, पण अल्कोहोल १५-१६ टक्क्यांच्या आसपास गेले की बहुतेक यीस्ट स्वतःच दम तोडते. त्यात वरून द्राक्षाचेच ऊर्ध्वपातित मद्य घातले की वाइन टिकाऊ होते. सिसिलीतल्या मार्साला बंदरात १७७३ साली जॉन वुडहाउस या इंग्रज व्यापाऱ्याने नेमके हेच केले, कारण माल जहाजाने इंग्लंडला न्यायचा होता. ('मार्साला' हे नाव बंदराला अरबांनी दिले, 'मरसा' म्हणजे जहाज थांबण्याची जागा. मसाल्याशी काही संबंध नाही.)

मार्सालात ओळखायच्या गोष्टी दोन. पिंप काठोकाठ भरत नाहीत, त्यामुळे वर्षानुवर्षे हवा लागून अक्रोडासारखा, जुन्या खारकेसारखा वास येतो. ही पहिली. दुसरी, 'आम्ब्रा' प्रकारात आटवलेला द्राक्षरस घालतात, त्याने काकवीची चव आणि गडद रंग येतो. म्हणजे रंग गडद आहे म्हणून वाइन जुनी, हा निष्कर्ष चुकीचा. उलट 'व्हेर्जिने' या प्रकारात ना आटवलेला रस ना साखर, आणि तो पिंपात किमान पाच वर्षे असतो. लेबलवर 'फिने' दिसले तर भुलू नका. नाव भारदस्त, पण ती सर्वांत खालची पायरी आहे, एक वर्षाची. ती बहुतेक स्वयंपाकघरात जाते, आणि जाऊ द्यावी.

व्हर्मुथची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. १७८६ साली तोरिनोत आन्तोनिओ बेनेदेत्तो कार्पानो याने गोडसर वाइनमध्ये वनस्पती मुरवून ती विकायला आणली. त्यातली मुख्य वनस्पती आर्टेमिसिया कुळातली, भयंकर कडू. त्याच कुळातला आपला दवणा! चैत्रात जोतिबाला वाहतो तोच, कल्याणच्या फूलबाजारात जुडीने मिळतो तो. एकदा दवणा चुरगाळून नाकाशी धरा, मग व्हर्मुथचा ग्लास धरा. नाते कळेल, फक्त दवण्याला गोडवा जास्त. वाइनमध्ये औषधी मुरवणे हेही आपल्याला परके नाही. घराघरात द्राक्षारिष्टाची बाटली असते, तिच्यावर अल्कोहोलचे प्रमाण छापलेले असते, आणि आजी ती निःशंक घेते. अर्थात अरिष्टात अल्कोहोल आतल्या आत तयार होते, वरून घालत नाहीत. फरक आहे तो आहे.

भरतमुनींनी रस समजावताना स्वयंपाकाचाच दृष्टान्त घेतला आणि चव घेणाऱ्याला 'सुमनस' म्हटले. पुढच्या आचार्यांचे आवडते उदाहरण पानकाचे: गूळ, मिरी वगैरे एकजीव होऊन कुठल्याही एका घटकाची नसलेली चव उभी राहते. व्हर्मुथ हे पानकच. किल्ली शोधणारा घटक वेगळे काढतो, सुमनस त्यांचे एकत्र येणे अनुभवतो. आमच्या मते दोन्ही लागते, पण क्रम आधी पहिल्याचा. घटक न ओळखता 'समतोल छान आहे' म्हणणे म्हणजे राग न ओळखता मान डोलावणे.

प्रत्यक्ष चाखताना कोरडी आधी, गोड नंतर. उलटे केले तर कोरडी वाइन नुसती आंबट लागते. अर्धा पेला पुरे. १७-१८ टक्के अल्कोहोल आहे, हे विसरू नका. पुस्तकांतले 'खोलीचे तापमान' युरोपातल्या खोलीचे, मे महिन्यातल्या डोंबिवलीचे नव्हे. बाटली फ्रिजमध्ये ठेवून थोडी आधी बाहेर काढा. एक घोट तोंडात फिरवा, गिळल्यावर थांबा आणि मनात शब्द शोधा. तेही आपले शब्द. 'टॉफी' आणि 'गूसबेरी' कशाला? काकवी, खारीक, सुकवलेली संत्रासाल, चिराइताचा काढा, हे आपल्या जिभेला खरे माहीत आहेत. आणि एक गंमत: संस्कृतातला 'तिक्त' म्हणजे आपले कडू, आणि 'कटु' म्हणजे आपले तिखट. जुना ग्रंथ वाचताना गोंधळ व्हायचा तो इथेच.

ज्यांना प्यायची नाही त्यांनी हाच सराव पन्ह्यावर करावा. गूळ, वेलची, केशर, कैरी: कोण आधी येते, कोण शेवटी उरते? काही कमी पडत नाही.

कुणीतरी चिठ्ठी पाठवली आहे, उघडलेली बाटली किती टिकते. व्हेर्जिने हवेला सरावलेली असते, त्यामुळे ती घट्ट बूच लावून काही आठवडे सहज राहते. व्हर्मुथ फ्रिजमध्येच ठेवा आणि महिना-दोन महिन्यांत संपवा. नंतर वनस्पतींचा वास विझतो आणि नुसती गोडी उरते.