पाखरांच्या वाट्याचं तास

बाळांनो, पाखराला वावरात तीन गोष्टी लागतात: खायला चारा, बसायला उंच जागा आणि लपायला आडोसा. आपल्या आदिलाबादच्या काळ्या रानात, पैनगंगेकाठी बेला-जैनथकडं, पावसाळ्यात पाहावं तिकडं पऱ्हाटी दिसते. ती घरात पैसा आणते. पण तिच्या बोंडात पाखराला टिपता येईल असा दाणा नसतो. पूर्वी मात्र इथं दाण्याच्या ज्वारीला मान होता: १९४०च्या दशकात हायमेनडॉर्फ नावाचे अभ्यासक इथल्या राजगोंडांमध्ये राहिले, तेव्हा राजगोंडांचं मुख्य अन्न ज्वारी होतं.

आता नवल ऐका. एकाच वावरात मूग, ज्वारी आणि तूर असली, तर सगळं एकदम पिकत नाही. मूग भादव्यात निघतो, ज्वारीची कणसं दिवाळीच्या पुढं-मागं भरतात, तूर पौषापर्यंत उभी राहते. पाखरांची एक पंगत उठली की दुसरी बसते. मुनिया कणसावर येतात, लावे तुरीच्या बुडाशी लपतात, वेडा राघू फुलांवर आलेले किडे हवेतच पकडतो.

दुभंगल्या शेपटीच्या काळ्या कोतवालाची तऱ्हा आणखी वेगळी. तो उंचावर बसून टेहळणी करतो, झेप घेतो आणि भक्ष्य चोचीत धरून पुन्हा बसायला जागा शोधतो. चणा बुटका, त्यावर तो बसणार कसा? म्हणून जाणते शेतकरी चण्यात थोडी ज्वारी मिसळतात. तिच्या ताटावर बसून कोतवाल घाटेअळी टिपतो. हीच अळी तुरीच्या शेंगाही पोखरते. पऱ्हाटीतली गुलाबी बोंडअळी मात्र बोंडात दडते. तिथं चोच पोचत नाही. सगळंच काम पाखरांवर सोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

"आजोबा, पण सुगरण तर आपलीच ज्वारी खाते!"

खाते ना. पण तिची पिल्लं कोरड्या दाण्यावर वाढत नाहीत. त्यांना अंग धरायला मऊ किडे लागतात. आई अळ्या, नाकतोडे आणून भरवते. चिमणीचंही तसंच. फवारणीनं सारे किडे मेले, तर भरल्या कणसांशेजारी पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून येत्या मृगात बाबांना सांगा: पऱ्हाटीत तुरीची तासं घाला, धुऱ्यावर ज्वारी पेरा, आणि सुगरण खोपा टांगते ती बाभूळ राखा. चार कणसं पाखरांच्या वाट्याची समजा. ती खाणाऱ्यांची पिल्लं आपल्याच वावरातल्या अळ्यांवर मोठी होतात.