चंद्रपूरच्या मे महिन्यात जखमेचा गोंद

एखादे औषध किंवा वैद्यकीय साधन किती टिकेल हे ठरवण्यासाठी त्याचा आधी मुद्दाम छळ केला जातो. ४० अंश सेल्सिअस तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या कपाटात ते सहा महिने ठेवायचे आणि काय बिघडते ते पाहायचे, ही त्यातली रूढ चाचणी. चंद्रपूरकरांना या आकड्याचे हसू येईल. तिथे मे महिन्यात पारा ४५-४६ च्या घरात सहज जातो, आणि २०१९ च्या मे अखेरीस तो ४८ ला टेकला होता. चाचणी अखंड चालते आणि चंद्रपुरात रात्री तापमान थोडे उतरते, हे खरे. पण पत्र्याच्या छपराखालची स्टोअररूम किंवा उन्हात तापलेली जीप हवामान खात्याच्या आकड्यापेक्षाही गरम असते.

या उन्हात कोणाची परीक्षा होते, तर जखम चिकटवणाऱ्या गोंदाची. धडपडून कपाळ फुटलेले पोर दवाखान्यात आणले की सुई, भूल आणि रडारड आलीच. त्याऐवजी जखमेच्या कडा जुळवून वरून गोंदाचा पातळ थर दिला, तर मिनिटा-दोन मिनिटांत काम होते. टाके काढायला पुन्हा यावे लागत नाही, गोंद पाच-दहा दिवसांत आपोआप सुटून पडतो. शेजारच्या गडचिरोलीतल्या एटापल्ली किंवा भामरागडच्या आडगावातून आलेल्या आईबापांच्या दृष्टीने ती दुसरी खेप वाचणे ही मोठीच सोय आहे.

या गोंदाचे रासायनिक नाव सायनोअॅक्रिलेट. १९४२ मध्ये कोडॅक कंपनीचे हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. हाती आलेला पदार्थ दिसेल त्याला चिकटू लागला, म्हणून त्यांनी तो बाजूला टाकला. पुढे १९५८ मध्ये तोच गोंद म्हणून बाजारात आला. व्हिएतनाम युद्धात रक्तस्राव थांबवण्यासाठी त्याचा फवारा वापरला गेला. किराणा दुकानातली फेविक्विक याच घराण्यातली, पण ती जखमेवर लावायची नाही. तिच्यातले लहान रेणू लवकर तुटतात, त्यातून फॉर्माल्डिहाइड सुटते आणि जखमेची आग होते. वैद्यकीय गोंदात लांब साखळीचे रेणू असतात. ते सावकाश विघटन पावतात. अशा ऑक्टिल सायनोअॅक्रिलेटला अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळाली.

गोंदाची सगळी अडचण त्याच्या गुणातच दडलेली आहे. त्वचेवरचा किंचित ओलावा मिळाला की त्याचे सुटे रेणू एकमेकांचे हात धरून साखळ्या करतात आणि द्रवाचा घन थर होतो. हेच बाटलीत घडले तर माल वाया. उष्णता आणि प्रकाश दुसऱ्या वाटेने तीच प्रक्रिया सुरू करतात. आधी गोंद दाट होतो, मग ब्रशमधून उतरत नाही, शेवटी कुपीतच गोठतो.

म्हणून उत्पादक त्यात दोन प्रकारचे पहारेकरी नेमतात. सल्फर डायऑक्साइडसारखे आम्लधर्मी द्रव्य अंशमात्र घातले की ओलाव्याने सुरू होणारी साखळी जागीच तुटते. उष्णतेने आणि प्रकाशाने सुरू होणारी साखळी हायड्रोक्विनोनसारखी द्रव्ये रोखतात. प्रमाण मात्र नाजूक. पहारा फार कडक झाला तर गोंद वर्षानुवर्षे टिकेल, पण जखमेवर लावल्यावर सुकणारच नाही. यावर काढलेली युक्ती दाद द्यावी अशी आहे: गोंद काचेच्या बंद कुपीत ठेवायचा आणि त्याला जागे करणारे द्रव्य लावायच्या टोकातल्या स्पंजात. वापरताना कुपी दाबून फोडली की गोंद स्पंजातून उतरतो आणि त्याच क्षणी काम सुरू करतो. काच वापरण्यालाही कारण आहे. प्लास्टिकमधून वाफ हळूहळू आत शिरते, काचेतून नाही. निर्जंतुकीकरणाचीही पंचाईत असते, कारण गॅमा किरणांचा मारा गोंदालाच गोठवू शकतो.

एवढे करूनही वेष्टनावर बहुधा ३० अंशांच्या खाली ठेवा, ओलावा आणि थेट उष्णतेपासून दूर ठेवा, असे लिहिलेले असते. काही प्रकारांना तर फ्रिजच लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लसींचा फ्रिज असतो, पण तो फक्त लसींसाठी. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, त्यामुळे साठा आधीच भरून ठेवावा लागतो. हेमलकशात १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला तेव्हा कित्येक वर्षे वीजच नव्हती. अशा ठिकाणी जे फ्रिजविना टिकेल तेच उपयोगी पडते.

ही गोष्ट या जिल्ह्यांना सर्पदंशाने केव्हाच शिकवली आहे. सापाच्या विषावरचे द्रवरूप प्रतिविष २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. तेच गोठवून, निर्वात पोकळीत पाणी उडवून पूड केली की फ्रिजचा आग्रह उरत नाही. वेळ आली की पाण्यात विरघळवायची. शरीरातल्या रक्त गोठण्याची नक्कल करणारा फायब्रिन गोंदही याच वाटेने गेला आहे. त्यातली फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन ही प्रथिने द्रवरूपात असली तर उणे २० अंशांचा फ्रीजर मागतात. पूड किंवा कोरड्या पट्टीच्या रूपात ती साधारण २५ अंशांपर्यंत निभावतात. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने फायब्रिन गोंदाचे तंत्र देशातच विकसित केले. पण २५ अंश म्हणजे चंद्रपूरची जानेवारीतली दुपारसुद्धा नव्हे, हे विसरून चालणार नाही.

गोंदाकडून भलती अपेक्षाही नको. मोहफुले वेचताना किंवा तेंदूपाने तोडताना अस्वलाने ओरबाडलेला माणूस दवाखान्यात आला, तर त्या जखमेला गोंद लावायचा नसतो. नखादातांच्या जखमेत माती आणि जंतू खोल गेलेले असतात. ती धुवायची, कधी कधी उघडीच ठेवायची. सांध्यावर किंवा ओठाच्या आत गोंद टिकत नाही. त्याची जागा लहान, स्वच्छ, ताण नसलेल्या जखमेवर.

असे ऊन सोसणारा गोंद मिळेपर्यंत स्टोअररूम सांभाळणाऱ्याला काही साध्या गोष्टी करता येतात. फ्रिजमधली कुपी काढल्याबरोबर उघडू नये, नाहीतर गारव्याने बाष्प धरते आणि तोच ओलावा गोंदाला पुरतो. दाट झालेला गोंद मुदत शिल्लक असली तरी टाकून द्यावा. खरेदीच्या कागदावर मुदतीच्या तारखेबरोबर किती अंशांवर चाचणी झाली तेही विचारावे, आणि एप्रिल-मेचा माल मार्चआधी उतरवून घ्यावा.